एक तिकीट, फाळणी

आपल्या देशाची विमान कंपनी खरी कोणाची, असं उद्या मला कोणी विचारलं, तर मी ती काढणाऱ्या जुन्या शेठजींचं नाव घेणार नाही आणि सरकारचंही घेणार नाही. ती आमच्या अण्णांची होती. कागदावर काय लिहिलं असेल ते असो. मी सहावीतून शाळा सोडलेली बाई, कागदाशी माझं कधी फारसं जमलं नाही. पण त्या कंपनीचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे आणि तो मी कोपरगावाहून निघून कारखान्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जाणाऱ्या एका खडखडत्या बसमध्ये शिकले. अण्णा तरुणपणी मुंबईला जुहूच्या विमानतळावर सामान चढवायला लागले आणि सामान चढवता चढवताच म्हातारे झाले. नोकरी संपल्यावर गावी परतले ते मोडीत निघालेला एक वजनकाटा, दोन टोप्या आणि फंडाच्या पैशांतून घेतलेली लांब नाकाची एक जुनी बस घेऊन. त्या बसला कोणी गाडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "गाडी उसाची असती," ते म्हणायचे, "ह्ये विमान हाय. फकस्त उडत न्हाई, येवढंच."

मी वेंगुर्ल्याकडची. नवरा साखर कारखान्यात फिटर, तेही गळिताच्या हंगामापुरता, म्हणून लग्नानंतर या मुलखात आले. इथलं 'हुतं' आणि 'गेल्तो' कानाला सवयीचं होईना, जेवणात मासा नाही, डोळ्यांपुढं समुद्र नाही. सगळीकडे ऊस, आणि ऊस संपला की काळी माती. मला तेव्हा कशाचीही भीती वाटायची. शेजारणीनं हाक मारली तरी मी दाराआड व्हायचे. हंगाम संपून नवरा घरी बसला आणि काम शोधायला मी कोपरगावला निघाले, तेव्हा अण्णांच्या बसमध्ये पहिल्यांदा चढले. म्हणजे चढायला गेले. दारात काटा होता आणि अण्णा म्हणाले, "आदी वजन."

हा वजनाचा प्रकार आधी सांगायला हवा. जुन्या लहान विमानांत म्हणे उतारूंचंसुद्धा वजन करत आणि त्याप्रमाणे जागा देत. अण्णांनी तो नियम जसाच्या तसा बसला लावला होता. नवरा-बायको असोत, विहीणबाई असोत, काटा सांगेल तिथं बसायचं. एका वरातीत त्यांनी नवरदेवाला मागच्या बाकावर आणि नवरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं होतं, कारण नवरी अंगानं भरलेली होती आणि नवरदेव म्हणजे नुसता सदरा. वस्तीवरचे जाडे पाटील एकदा मागं खिडकीशी जाऊन बसले तर अण्णांनी इंजिन बंद केलं. "पाटील, पुढं या. तुमी मागं बसलात की आपलं नाक वर जातंय." पाटील म्हणाले, "आरं, पर ह्ये कुठं उडतंय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमी मागं बसल्यावर उडंल ना!" सगळी बस हसली, पाटीलही हसले आणि पुढं जाऊन बसले.

माझं वजन करून अण्णांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मी काम शोधायला चालले आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, पण रडवेलं तोंड काही लपत नाही. त्यांनी विचारलं, "गोळ्या वाटता येतील?" मला वाटलं, दवाखान्यातलं काम असेल. तर त्या लिमलेटच्या गोळ्या निघाल्या. विमान उठताना कानात दडे बसतात म्हणून तिथं गोळ्या आणि कापसाचे बोळे देतात, ते काम बाईचं असतं, आणि बाईविना विमान म्हणजे नुसता टेम्पो, असं अण्णांचं पक्कं मत. अशी मी कोपरगाव तालुक्यातली पहिली हवाईसुंदरी झाले. नऊवारी नेसलेली आणि घाबरलेली. कानात बोळे कोणीच घालत नसे. म्हाताऱ्या ते कनवटीला लावून घरी नेत आणि देवापुढच्या वाती करत. अण्णांना हे माहीत होतं. ते मुद्दाम चांगला कापूस आणायचे.

स्टँडवरच्या एका किराणा दुकानदारानं एकदा बसमध्ये चढता चढता माझ्याकडं बघून शिट्टी घातली आणि म्हणाला, "सुंदरीबाई, आमालाबी एक गोळी द्या की!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी त्याला काट्यावर उभं केलं, वजन पाहिलं आणि मान हलवली. "तुमचं वजन बसत न्हाई." तो म्हणाला, "आवो, बस निम्मी रिकामी हाय!" अण्णा म्हणाले, "जागा हाय. वजन न्हाई तुमाला." तो चालत गेला. ऊन तापलं होतं. त्यानंतर मला सुंदरीबाई सगळेच म्हणायचे, पण ताई म्हणावं तसं म्हणायचे.

आता इतिहास. अण्णा बस चालवता चालवता कंपनीची कथा सांगत, आणि ती इतकी ठरलेली होती की कथेचा कुठला भाग कुठल्या झाडाशी येणार हे बदलत नसे. गोदावरीच्या पुलाशी कराचीहून पहिलं टपालाचं विमान यायचं. चिखलात उतरायचं, मालक स्वतः चालवत आलेले, आणि अण्णा पोती उतरवून घेत असायचे. खरं तर त्या काळी अण्णा वस्तीवर शेळ्या राखत होते, पण कथेत पोती त्यांनीच उतरवली. पुढं मोठ्या बाभळीशी फाळणी व्हायची. ओढ्यावरच्या मोरीशी सरकार कंपनी ताब्यात घ्यायचं. आणि शेवटी वस्तीवर, मारुतीच्या पाराशी, नवं दुमजली विमान यायचं. ते अण्णांना नापसंत होतं. "येवढ्या मानसांचं वजन करनार कोन?" हे ऐकून ऐकून लोकांनी थांब्यांनाच ती नावं देऊन टाकली. म्हातारी कोंडाबाई बाभळीशेजारच्या मळ्यात राहायची. ती चढतानाच ओरडायची, "सुंदरीबाई, मला फाळनीला उतरीव गं. काल सरकारपत्तोर नेलं मला, पाय मोडले चालून."

मोरीशी मात्र नुसती कथा नसायची, विधी असायचा. अण्णा बस थांबवायचे, डोक्यावरची जुन्या कंपनीची टोपी काढायचे, कपाळाला लावायचे, पिशवीत ठेवायचे आणि सरकारी कंपनीची टोपी घालायचे. कंपनी सरकारजमा झाली तेव्हा जुनी टोपी परत मागितली होती. ती हरवली असं त्यांनी साहेबाला सांगितलं होतं, एवढं एकच खोटं ते आयुष्यात बोलले असावेत. "कुनी मालक यिऊ दे," ते म्हणायचे, "पोतं तेवढंच जड असतंय. पर येक सांगतो, सरकारनं विमानं घेतली तवा मानसंबी घेतली. येकालाबी घरी धाडलं न्हाई. त्याला म्हनायचं घेनं." परतीच्या फेरीला हा सगळा देश उलटा चालायचा. आधी दुमजली विमान, मग मोरीशी सरकारी टोपी उतरून जुनी डोक्यावर, मग फाळणी, आणि पुलावर शेवटी टपाल. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

बाभळीशी अण्णा फार बोलत नसत. फाळणीत कंपनीची विमानं पलीकडं अडकलेली माणसं आणायला गेली, आणि सामानाला मदतीला म्हणून अण्णाही गेले. आयुष्यातला त्यांचा तो एकच विमानप्रवास. धावपट्टीवर माणसंच माणसं. कॅप्टननं अण्णांना सांगितलं, काटा बाजूला ठेव. "ठिवला," अण्णा म्हणायचे. "किती घेतली, देवाला ठावं. उभी हुती, येकमेकांच्या अंगावर हुती. ते विमान उठलं कसं, मला अजून कळालं न्हाई." मग पुढची मोरी येईपर्यंत ते गप्प असायचे, आणि बसमधलं कोणीही बोलत नसे. कोंडाबाईसुद्धा मुकाट्यानं उतरून मळ्याकडं चालू लागायची.

मग आमच्याच रस्त्यावर सरकार आलं. खासगी बसचे परवाने बंद होऊन आमचा रस्ता सरकारी लाल गाडीला मिळणार, अशी नोटीस आली. दुष्काळाचं साल, उसाचं पाणी आटलेलं, नवऱ्याचा हंगाम कधी सुरू होईल याचा भरवसा नाही. माझ्या घरची चूल त्या गोळ्यांच्या डब्यावर पेटत होती. नेमक्या त्याच दिवसांत निवडणूक होती, आणि तालुक्यातले एक पुढारी वस्तीवर भाषण करून परतीला आमच्या बसमध्ये चढले. त्यांच्या पक्षाची नुकतीच दोन शकलं झाली होती आणि ते एका शकलातून दुसऱ्यात आले होते. काट्यावर उभं राहायला त्यांनी कुरकुर केली. तरी राहिले. पण मोरीशी अण्णांनी रिवाजाप्रमाणं सरकारी टोपी उतरवून शेठजींची घातली, तसे ते ताडकन उठले.

"सरकारची टोपी काढता? माझ्यासमोर?"

"सायेब, तुमी उलटीकडनं बसलात, त्याला मी काय करू? सकाळी बसला असता तर घालताना दिसलो असतो."

बस हसली. पुढारी हसले नाहीत, पण गणिताचे पक्के होते. अण्णांच्या शेजारी सरकून हळू आवाजात म्हणाले, की निवडणुकीपुरता आमचा झेंडा बसच्या नाकावर लावा, मी परवान्याचं बघतो. मी मागं गोळ्यांचा डबा छातीशी धरून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा अण्णा, हो म्हणा. एका फडक्यानं काय होतंय?

अण्णांनी गिअर बदलला. "सायेब, विमानावर येकच झेंडा असतो, देशाचा. आन् तुमचा तर गेल्या साली दुसराच हुता. मला रंग परवडायचा न्हाई." मग आरशातून माझ्याकडं पाहून म्हणाले, "सुंदरीबाई, सायबांना गोळी द्या. कान बसल्यात त्यांचं."

मी डबा उघडून गोळी दिली. भीती होतीच, पण तिच्या खालून काहीतरी ताठ उभं राहिलं होतं. ते माझ्यात आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

परवाना गेला. रस्त्याचा ताबा घ्यायला लाल गाडीच्या खात्याचे साहेब आले तेव्हा अण्णांनी बसबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, "रस्ता घ्या. पर हिलाबी घ्या. घेनं म्हंजी मानसांसकट घेनं." साहेबांनी विचारलं, "शिक्षण?" मी सहावी म्हटलं. साहेबांनी मॅट्रिकचा नियम सांगितला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच वाईट वाटलं. पण अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आपल्यासाठी त्यांनी कधी कोणाकडं शब्द टाकला नव्हता. एकदा टाकला तो माझ्यासाठी, आणि तो खाली पडला.

शेवटच्या फेरीला कोपरगावच्या स्टँडवर माणूस मावेना. वस्तीवरची माणसं तर होतीच, ज्यांना वस्तीवर काही काम नव्हतं तीही होती. तो किराणा दुकानदारही होता, खाली मान घालून. मी नेहमीप्रमाणे काटा उचलून दाराशी नेऊ लागले तर अण्णा म्हणाले, "पोरी, आज काटा बाजूला ठिव."

मी ठेवला. आणि माणसं चढली. उभी राहिली, एकमेकांच्या अंगावर राहिली, टपावर गेली. पाटील मागं, वरातीतला तो नवरदेव पुढं, कोणाला कसला हिशेब नाही. बस कण्हत निघाली. पुलाशी टपाल आलं ते लोकांनीच मोठ्यानं सांगितलं. बाभळीशी सगळे गप्प झाले आणि कोंडाबाई उतरलीच नाही. मोरीशी अण्णांनी बस थांबवली, जुनी टोपी कपाळाला लावली, पिशवीतून सरकारी टोपी काढली आणि ती माझ्या डोक्यावर ठेवली. "सरकार न्हाई घेत," ते मोठ्यानं म्हणाले, "आमी घेतलं." पदरावरून बसलेली ती ढगळ टोपी कानांवर आली होती. वस्तीपर्यंत मी ती हातानं धरून उभी राहिले.

बाभळीखाली अण्णांनी मला चहाची टपरी घालून दिली. दारात काटा ठेवला. लाल गाडी सुरू झाली त्या दिवशी आम्ही दोघं टपरीत बसून वाट बघत होतो. गाडी आली ती आतल्या भांडणासकट. कंडक्टर म्हणत होता, "फाळणी नावाचा थांबा न्हाई, आजी," आणि कोंडाबाई म्हणत होती, "तुला ठावं न्हाई त्याला मी काय करू? आमी रोज उतरतो." मागून सगळी गाडी ओरडली, "आवो, द्या की फाळनी!" घंटी वाजली. गाडी थांबली. कोंडाबाई उतरली, सरळ येऊन काट्यावर उभी राहिली आणि हात पुढं करून म्हणाली, "कापूस?" अण्णांनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

अण्णा आता नाहीत. लाल गाडी बाभळीशी अजून थांबते आणि कंडक्टर बदलला तरी नवा आठवड्याभरात शिकतो. दुपारी कधी वरून विमान जातं. अण्णा असते तर कुठलं ते त्यांनी आवाजावरून सांगितलं असतं. मी हातातली किटली खाली ठेवते आणि बघत राहते. शेपटावर कोणता रंग आहे, आत कोण बसलंय, मालक आता कोण आहे, इतक्या खालून काही दिसत नाही. आवाज तेवढा येतो, आणि तो पार जाईपर्यंत मी ऐकते.