माझ्यानंतर मशीनला आंघोळ

मशीन फिरत होतं आणि आत एकही कपडा नव्हता. नुसतं हळदीचं पाणी घुसळत होतं. माझे कपडे मी आत्ताच काढून नेले होते, एक ओढणी राहिली म्हणून परत आले.

घरमालकीण मामी शेजारीच उभ्या. म्हणाल्या, "अय्यो, काही नाही मा. मशीनला जरा पाणी दाखवते."

वेस्ट मांबलममधला फ्लॅट, दूर तमिळ मुलखात. मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. आपली भाषा बोलणारी मुलगी मिळाली म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. मग आडनाव विचारलं. गाव विचारलं. गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं. मी सगळं खरं सांगितलं.

दुसऱ्या खोलीत पुण्याची केतकी. आमचं ऑफिस एक, पगारही एक. तिचे कपडे निघाले की मामी लगेच आपले टाकतात. माझ्यानंतर मात्र मशीनला आंघोळ. मागे मी हे केतकीला बोलले होते, तर म्हणाली, "जुन्या वळणाच्या आहेत गं. मनावर नको घेऊस."

मनावर नको घेऊस! माझी आई गावात चार घरची धुणी धुते. तिनं धुतलेल्या साड्या एका घरच्या बाई पुन्हा पाण्यातून काढतात, मगच नेसून देवासमोर बसतात. मळ काढायला आईचे हात चालतात. लहानपणी विचारलं तर आई म्हणाली, "त्यांची रीत आहे." तेव्हा गप्प बसले. आज तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बटण दाबून मशीन बंद केलं. "कशासाठी धुताय ते सांगा. केतकीसमोर सांगा."

केतकी दारात आली होती. मोबाइलमध्ये बघत राहिली.

"आमच्याकडे मडी असतं की मा," मामी पुटपुटल्या. मडी म्हणजे सोवळं.

"मग मी कोण?"

मामी मशीनचं झाकण पुसू लागल्या. करायला लाज नाही, बोलायला आहे. मग म्हणाल्या, "तुला जमत नसेल तर दुसरी खोली बघून घे."

बघणार नाही, असं मी तोंडावर सांगितलं. माझ्यानंतर मशीन रिकामं फिरलं की दर वेळी मी ते बंद करणार. मला काढायचंच असेल तर ज्या जातीसाठी काढताय तिचं नाव घ्या. जिन्यात उभं राहून, मोठ्यानं, सगळे शेजारी ऐकतील असं. तोवर मी इथून हलत नाही.