माझ्या तोंडचा ळ

देवळीच्या एसटी स्टँडवर वर्ध्याची गाडी लागली. बाबांनी माझी बॅग वर टाकली, वांग्यांची पिशवी मांडीवर दिली आणि खाली उतरून खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं शुद्ध बोलजो. डोया म्हनशीन त हासतीन लोकं." भाजीपाला पिकवणारा हा माणूस पोरीला रेकॉर्डिंगचं काम शिकायला पुण्याला पाठवत होता, आणि काळजी करत होता ती एका अक्षराची. आई त्यांच्या मागे उभी होती. तिने एवढंच विचारलं, "पुनं जवय आहे का?"

"जवय काऊन राहीन?" बाबा म्हणाले, आणि गाडी सुटली. वर्ध्याहून पुढे रेल्वेत वरच्या बर्थवर पडून मी डोळा, जवळ, केळी असं पुटपुटत राहिले. खालच्या बाईंना वाटलं असेल, मुलगी स्तोत्र म्हणते आहे.

तुम्ही जे तिकडे विदर्भातच राहिलात, त्यांना हे सांगायला नको. आणि जे माझ्यासारखे निघाले, ते बहुतेक विसरले असतील. आपल्याकडे ळ लिहायला आहे, बोलायला नाही. काळा तो काया, फळ ते फय. शाळेत पुस्तकातला ळ वाचायचा आणि घरी आल्यावर दप्तराबरोबर खुंटीला लावून टाकायचा.

पुण्यात मात्र तो असा अंगात मुरला की आता निघत नाही. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर दोनदा हसं झालं, तिसऱ्यांदा होऊ दिलं नाही. माय म्हणायचे तिला फोनवर आई म्हणायला लागले. कधीपासून, ते तिलाही आठवत नाही. आज मी एका स्टुडिओत रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे. गाणाऱ्यांचे धापा टाकलेले श्वास, घसरलेले सूर, फसलेले उच्चार कापून-जोडून नीट करते. शिवाय एका मासिकात गाण्यांवर लिहिते. 'बोलीतल्या गाण्याला इस्त्री करू नका' हे वाक्य माझंच आहे. ते छापून आलं, त्याच आठवड्यात मी आईच्या गाण्याला इस्त्री केली.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी कोजागिरीच्या आधी घरी गेले होते. आमच्या गल्लीत तेव्हा मातीची भुलाबाई मांडून पोरी गाणी म्हणतात, आणि त्यातली निम्मी गाणी आईने रचलेली असतात. ओसरीवर तिला बसवून मी एक गाणं रेकॉर्ड केलं:

भुलाबाईच्या डोयात काजय,
बस वं माय जवय जवय.

बाकीची पुढच्या खेपेला करू, असं म्हटलं. पुढची खेप आली नाही. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. "माया गया गेला," असं ती हसून सांगते. मला हसू येत नाही. तिच्या आवाजातलं ते एकच गाणं जगात उरलं आहे आणि ते माझ्याकडे आहे.

आमचा स्टुडिओ विदर्भातल्या बायकांच्या गाण्यांचा एक संग्रह काढतो आहे. त्यात हे गाणं घ्यायचं ठरलं. मी हेडफोन लावून बसले. कुत्रं भुंकलेलं काढलं, भांडं वाजलेलं काढलं आणि हात तसाच पुढे गेला. डोया आलं, दुरुस्त केलं. काजय आलं, दुरुस्त केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पण दुरुस्तीला ळ आणायचा कुठून? आईच्या तोंडी तो आयुष्यात आलेला नाही. मग मी माइकसमोर उभी राहून माझा ळ दिला, तिच्या सुराला नेला, तिच्या आवाजाचा पोत चढवला आणि चारही जागी बसवला. सांधा कुठे दिसत नव्हता. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे लपवून काय करू?

ते बाबांच्या फोनवर पाठवलं. बाबा खूश झाले. "आता कसं शुद्ध वाटते," म्हणाले. मागून आईचा घोगरा आवाज आला, "थांबा, पुन्हा लावा." पुन्हा लागलं. मग ती म्हणाली, "मधी मधी हे पोरगी बोलून राह्यली."

माझ्या कानांनी लाज वाटून घ्यावी अशी वेळ होती. मी म्हटलं, चुकलं माझं, तुझं होतं तसं करते. तर ती म्हणाली, "काऊन? राहू दे. जवय म्हनताना तू माया बाजूले बसली असं वाटलं मले."

आता सांगा, मी काय करायचं होतं? ज्या ळने तिचं गाणं बिघडवलं, त्याच ळमध्ये तिला मी सापडले. पंधरा वर्षं कमावलेला कान इथे काहीच सांगेना. शेवटी संग्रहासाठी मूळचं गाणं दिलं, य सकट, कुत्र्यासकट. माझं ळवालं बाबांनी आईच्या फोनमध्ये टाकून दिलं, ते तिथेच राहिलं. मध्ये एकदा वाटलं, आपणही तिच्यासारखं म्हणून बघावं. माइकसमोर दहा वेळा 'जवय' म्हटलं. ऐकल्यावर नाटकात नोकराचं काम करणाऱ्या पुणेकरासारखं वाटलं. पुसून टाकलं.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी अजून पटकन देवळी म्हणते, आणि ते म्हणताना त्यातला ळ माझ्याच कानाला टोचतो. देवयी म्हणायला जीभ वळत नाही.

परवा बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "तुया मायले काय झालं कोनास ठाऊक. भाजी निवडता निवडता ते गानं लावते अन् त्याच्यासंगं पुटपुटते." मी म्हटलं, फोन तिच्याजवळ न्या. आवाज नसलेल्या त्या गळ्यातून, अडखळत, जीभ उलटी वळवत ती म्हणत होती, जवल, जवड, जवळ.

"तुयासारखं येते का पाहून राह्यली," ती म्हणाली.