बाबांच्या कॅमेऱ्याची काच

दादा गेला हे मला कामठीत शेजाऱ्यांच्या फोनवर कळलं. वहिनी एवढंच म्हणाली, "बाई, या तुम्ही…" महिना उलटून गेला, तरी मी काही मोडकं फेकायला उचललं की वाटतं, आता हा मागून ओरडणार, "काहून फेकून राहिली वं? राहू दे!" आमच्या दादाच्या घरात मोडक्या वस्तूला मरण नव्हतं. पंख्याचं पातं, सायकलची घंटी, बंद पडलेलं घड्याळ, सगळं पलंगाखाली सुखाने नांदायचं. वहिनीने त्याच्यापुढे कधीच हात टेकले होते.

बाबांचा घडीचा, कातडी भात्याचा कॅमेरा मात्र पलंगाखाली नाही, कपाटात असायचा. हुडकेश्वरला बिऱ्हाड हलवताना तो सामानाच्या गाडीवरून पडला. भाता फाटला, शटर अडकलं, सीताबर्डीच्या दुरुस्तीवाल्याने हात जोडले. आमची आई मी पाळण्यात असतानाच गेली. तिचा एकुलता एक फोटो याच कॅमेऱ्याने उमरेडच्या जुन्या घराच्या अंगणात शेजाऱ्याने काढलेला, घरच्या सगळ्यांसोबतचा, माझ्या जन्माआधीचा. तो वाळवीने खाल्ला. उरली निगेटिव्ह, आणि तिच्यात आईचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. आई कशी दिसायची, हे मला कधी कळलंच नव्हतं. निगेटिव्ह स्टुडिओत द्यायला दादा तयार नव्हता. "त्यायनं हरवली तं?" या त्याच्या एका प्रश्नावर विषय संपायचा.

"कॅमेरा मेला, पण काच तं जित्ती आहे ना," म्हणत त्याने कॅमेऱ्याच्या तोंडाची ती भिंगांची नळी स्क्रू काढून सोडवली. आतली भिंगं सुटी केली, बुरशी पुसली, पुन्हा बसवली. तुपाच्या रिकाम्या डब्यात वर बल्ब, मध्ये निगेटिव्ह, खाली ती काच… झालं फोटो मोठा करायचं यंत्र! मे महिन्याची दुपार, न्हाणीच्या खिडकीला घोंगडी, लाल कागदात गुंडाळलेला दिवा, आणि आम्ही दोघं घामाने निथळतोय. उन्हाने फोटो धुवायचं रसायन तापू नये म्हणून त्याने वहिनीचा माठ उचलून बाजूला ठेवला आणि माठाखालच्या ओल्या वाळूत थाळी बसवली. वहिनी बाहेरून ओरडत होती, हा आतून हसत होता. डब्यातला बल्ब क्षणभर लावून त्याने फोटोच्या कागदावर उजेड पाडला, मग तो अजून कोराच दिसणारा कागद थाळीत बुडवला आणि माझा दंड धरून तो म्हणाला, "पाह्य वं, आई येऊन राहिली."

आली. आधी केस, मग कपाळ, मग ते थोडंसं हसू. मी तिथेच रडले आणि त्याने मला रडू दिलं.

फोटो उजेडात नेला तर मधोमध आई लख्ख, आणि भोवतालचे सगळे धुक्यात! दादाने एक भिंग उलटं बसवलं होतं. कडेला उभा असलेला तो स्वतः तर नुसता डाग. "अरे, तू तं दिसूनच नाही राहिला," मी म्हटलं. "मी आहो ना तुह्यासमोर. तू तिले पाह्य." नंतर त्याने भिंग सरळ केलं, पण मोठा कागद संपला होता. नीट आलेला फोटो पोस्टकार्डाएवढाच निघाला. "हा मले राहू दे," म्हणून तो त्याने स्वतःकडे ठेवला. मोठा माझ्या घरी लागला आणि मी इतकी वर्षं त्यातली फक्त आई पाहत राहिले.

परवा वहिनीने डब्यातून सोडवलेली ती काच आणि तो लहान फोटो माझ्या हातात ठेवला. "तुमच्याजवळच शोभते हे, बाई." मी खिडकीशी बसले. सवयीने काच आधी आईवर धरली… मग हळूहळू कडेला नेली. बाबा, काका, आत्या, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. अर्ध्या चड्डीतला दादा तेवढा मान वळवून आईकडे बघतोय.