मागचा लोड

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मनात काही नसतं, पण आवाज असा निघतो की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आता भांडणारच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना माझ्या तोंडाची सवय झाली असेल, असं मी धरून चालले होते.

कोकणात जायचं ठरलं ते त्यांच्यासाठीच. आत्यांनी समुद्र पाहिला नव्हता. नरसिंहपूरला संगमावर गेलं की दर वेळी विचारायच्या, "हितनं फुडं ह्ये पाणी कुठं जातं?" आमचे मालक म्हणायचे, "पूर्वेच्या समुद्राला. पण आपण बघायला जाऊ तो दुसरा." "दोन हायत व्हय?" म्हणत त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

गाडी सात सीटची. आम्ही नवराबायको, दोन पोरं, दीर, जाऊ आणि आत्या, झाले सात. मग सामान कुठं ठेवायचं? आत्या लगेच म्हणाल्या, "मी ऱ्हाते घरी. म्हशीचं कोण बघंल?" मी म्हटलं, "गप बसा. सामान टपावर जाईल, तुमी आत बसायचं." मालकांनी ऑनलाइन रॅक मागवला. बारामतीत कुणीही बसवून दिला असता, पण आमच्या मालकांना अक्कल जास्त. म्हणाले, चार नटांचं काम, घरीच करू.

रविवारी अंगणात गाडी लावली, मोबाईलवर व्हिडिओ लावला. टपाच्या कडेच्या पट्ट्यांना दोन आडवे दांडे आवळायचे आणि त्यावर रॅक ठेवायचा, एवढंच काम. पण पुढचा दांडा मागं बसला आणि मागचा पुढं. परत सगळं सोडलं. ऊन डोक्यावर आलं. त्यात एक नट सुटून गाडीखाली गेला. मी ओणवी होऊन तो शोधत होते, तेवढ्यात मालक मागच्या बंपरवर चढले आणि गाडी बदकन खाली दबली. मागच्या एका सीटवर पेंडीची पोती तशीच पडून होती. माझं डोकं सटकलं. "अहो, हा मागचा लोड काढा आधी! एवढं वजन कोकणात न्यायचंय का?"

गाडीचं दार वाजलं. मला वाटलं, मालकच पोती काढतायत. मग गाडीखालून आत्यांचे पाय दिसले, घराकडं निघालेले. चहा ठेवायला चालल्या असतील, म्हटलं.

रॅक झकास बसला. निघायच्या दिवशी सामान वर बांधलं, पण आत्यांनी लुगडंसुद्धा बदललं नव्हतं. "माझं गुडघं दुखत्यात. तुमी या जाऊन." आदल्या संध्याकाळीच ही बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन आली होती! मी चिडले. "मग हा रॅक कुणासाठी बसवला?"

"सामानासाठी," म्हणाल्या आणि गोठ्याकडं वळल्या.

आम्ही गेलो. पोरं पाण्यात नाचत होती आणि मी वाळूत बसून म्हातारीच्या हट्टाला नावं ठेवत होते.

यंदाच्या थंडीत घरातली लाईट सारखी ट्रिप व्हायला लागली. वायरमन आला. म्हणाला, "वहिनी, मागच्या लाईनीवर लोड लई झालाय. गिझर, चक्की, समदं तितंच हाय." मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अहो, मागचा लोड काढा आधी!"

मागच्या खोलीत आत्या झोपतात. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काखेत गोधडी होती.

"गाडीतनं उतरले," त्या म्हणाल्या. "आता खोलीतनं निघून कुठं जाऊ, पोरी?"

मला आधी कळेचना. मग त्यांनीच सांगितलं. त्या रविवारी त्या मागच्या सीटवर, पोत्यांच्या शेजारी बसल्या होत्या. समुद्राला जाताना खिडकीतून कसं दिसेल, ते बघत होत्या. काचांना उन्हाच्या जाळ्या लावलेल्या, आम्हाला त्या दिसल्याच नाहीत.

"अगं बाई! आत्या, पोत्यांना म्हटलं हो मी! पेंडीच्या पोत्यांना!" मी मालकांना साक्षीला बोलावलं. तेही शपथा घ्यायला लागले. पण जेवढं सांगत गेलो तेवढं ते आमचं आम्हालाच खोटं वाटायला लागलं. आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "व्हय, पोत्यांनाच म्हणली आसशील." त्यांना खरंच पटलं होतं, का त्या माझीच समजूत काढत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी खूप रडले. एवढे दिवस हे मनात ठेवून ही बाई माझ्या हातचं जेवत होती.

दुसऱ्याच दिवशी गाडी रिकामी केली, धुतली, पुढचं दार उघडलं. "चला आत्या. आपण तिघंच. तुमी पुढं बसा."

त्या आल्या. दाराला धरून त्यांनी पाय उचलला. मालकांनी खाली स्टूल ठेवलं, मी काखेत हात घातला. पाय अर्ध्यावर थांबला. "आई गं," म्हणत त्यांनी तो परत खाली टेकला आणि गुडघा धरून तिथंच स्टुलावर बसल्या.

"तवा खोटं सांगितलं हुतं बघ," त्या म्हणाल्या. "आता खरंच दुखत्यात."