मुक्कामी बोट

ज्ञानेश आमच्या ऑफिसात आला तेव्हा समुद्र कुठल्या दिशेला आहे एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेही पावसाळी ढग त्याच्या हरसूल गावच्या डोंगरापलीकडून येतात म्हणून. गंगापूर रोडवरची आमची ही ट्रॅव्हल कंपनी नव्वद सालानंतर निघालेली. सुरुवातीला चारधाम आणि अष्टविनायकाच्या बस काढायची. मी रेल्वेच्या तिकिटांच्या टेबलावर. तो आधी बसवर सामान चढवायला होता, मग यात्रेकरूंचं हवं-नको बघायला लागला, आणि बघता बघता टाय लावून माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसला. माणूस गोड. म्हाताऱ्या बायकांना मावशी म्हणणार, पाण्याचा ग्लास स्वतः आणून देणार. कुणालाही तो 'नाही' म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही, आणि त्याची खोड होती ती हीच.

गिऱ्हाईक विचारायचं, "तुम्ही स्वतः जाऊन आलात का हो?" हा म्हणायचा, "हो तर!" सिमला? हो. सिंगापूर? हो. पासपोर्टसुद्धा नव्हता त्याच्याकडे. ऑफिसची सहल अलिबागला गेली तेव्हा लाँच मांडव्याला लागेपर्यंत हा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून बसला होता, आणि दुसऱ्या आठवड्यात एका जोडप्याला क्रूझची मजा समजावून सांगत होता.

"ज्ञानेश, एक दिवस तोंडावर आपटशील," मी म्हणायचे.

"छायाताई, लोकांना धीर हवा असतो. जाऊन आलेला माणूस समोर बसलाय म्हटलं की त्यांना बरं वाटतं."

खोटं बोलतोय असं त्याला वाटतच नसे. आपण पाण्याचा ग्लास देतो तसाच हा धीरही देतो, असा त्याचा हिशेब. मला राग यायचा, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं की राग टिकत नसे.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात धोंडीराम आणि लंकाबाई आमच्याकडे आले. पंचवटीच्या बाजारात झेंडू आणि शेवंती विकणारं हे जोडपं, मळा मखमलाबादच्या अंगाला. मुलगा ओम दुबईत इंजिनीयर होता आणि तिकडे त्याला डायव्हिंगचा नाद लागला होता. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली जायचं, मासे बघायचे आणि वर यायचं. आईवडिलांना घेऊन त्याला मालदीवला जायचं होतं. दोन पर्याय होते: एक भारीतलं रिसॉर्ट, नाहीतर एक बोट. त्याने फोनवर सांगितलं होतं, 'मला दोन्हीकडे डायव्हिंग मिळेल, आईला आवडेल ते घ्या. नाशकातच कुणाकडून तरी मराठीत नीट समजून घ्या.'

म्हणून ती दोघं दोन रंगीत माहितीपत्रकं पिशवीत घालून आमच्या काचेच्या दारातून आत आली. लंकाबाईंनी चप्पल बाहेर काढली होती. मी म्हटलं, "अहो, घालून या," तर म्हणाल्या, "राहू दे गं, फरशी लय चकचकीत हाय."

ज्ञानेशने आधी रिसॉर्ट दाखवलं. पहिल्याच पानावर मोठा फोटो होता: समुद्रात लाकडी खांबांवर उभ्या खोल्या, आणि खोलीच्या जमिनीत काच, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या खालचे मासे दिसावेत. धोंडीराम खूश झाले. लंकाबाईंनी मात्र हात मागे घेतला.

"खाली पानी?"

"निळंशार, मावशी."

"मग नको बाबा." आणि मग त्यांनी सांगितलं. लहान असताना गोदावरीला मोठा पूर आला, त्यात त्यांचं नदीकाठचं घर पाण्यात गेलं. सगळी रात्र घरातल्यांनी माळ्यावर काढली. फळ्यांच्या खालून पाणी हिंडत होतं, भांडी एकमेकांवर आपटत होती. "तवापासून खालून पान्याचा आवाज आला ना, की डोळा लागत नाय. दिवसा किती बी फिरवा मला बोटीत. रातच्याला तेवढे पाय जमिनीला लागले पायजेत."

माणसाने याहून साफ काय सांगायचं?

ज्ञानेशने दुसरं पत्रक उघडलं. त्यावर लिहिलं होतं, लाइव्हअबोर्ड. हा शब्द त्याने आधी कधी पाहिला नव्हता, मीही नव्हता. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत बरंच काही होतं, बोट बेटाबेटांतून जाते, संध्याकाळी थांबते, सकाळी निघते वगैरे. त्याने ते भराभर वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मावशी, ही मुक्कामी बोट आहे!"

"मुक्कामी?"

"आपली मुक्कामी एसटी नसते का, तशी."

लंकाबाईंनाही हे लगेच कळलं. खेड्यापाड्यात जाऊन आलेल्या कुणालाही कळेल. संध्याकाळची शेवटची गाडी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन शहराकडे निघते. ज्ञानेशच्या लहानपणी हरसूलच्या मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्याच ओट्यावर झोपत. त्याची आई अंबूबाई त्यांना नागलीची भाकरी वाढायची, आणि गाडी आपल्या दारात उभी आहे म्हणून हा पोरगा सगळ्या गावात मिरवायचा. मुक्काम म्हणजे गाडी उभी राहते आणि माणसं खाली उतरून जमिनीवर झोपतात. त्याच्या डोक्यात याला दुसरा अर्थच नव्हता.

"रात्री बेटाला लागते. माणसं उतरतात, जेवतात, झोपतात. सकाळी परत बोटीत."

"पाय जमिनीला?"

"वाळूत, मावशी. मऊ वाळूत."

लंकाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू गेलावतास का रे तिथं?"

इथे थांबायला हवं होतं त्याने. बोटीचं बुकिंग घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीला एक फोन लावायचा होता फक्त.

"हो तर!" तो म्हणाला.

बोट ठरली. ओमला आनंद झाला, कारण बोटीवर डायव्हिंग जास्त करायला मिळतं, आणि आईने आपल्यासाठीच बोट निवडली असं त्याला वाटलं. रिसॉर्टच्या पत्रकात आतल्या पानावर नारळीखाली, वाळूवर बांधलेल्या खोल्याही होत्या. ते पान आमच्यापैकी कुणी उलटलंच नाही.

आमच्या मालकांची एक पद्धत होती. परदेशी जाऊन आलेल्या गिऱ्हाइकाच्या घरी पेढे घेऊन जायचं, चौकशी करायची, पुढच्या सहलीचा विषय काढायचा. ज्ञानेशला हे काम फार आवडे, कारण तिथे कौतुक होई. ओम आईवडिलांना सोडायला नाशिकला आला आहे असं कळलं, म्हणून तो मलाही ओढून मखमलाबादला घेऊन गेला. चहा आला, बिस्किटं आली. ओम हसत हसत सांगायला लागला.

"पहिल्या संध्याकाळी बोटीने नांगर टाकला. बघतो तर आई पिशवी भरून, पदर खोचून कठड्यापाशी उभी. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, उतरायचं ना? अहो, बेट कुठल्या कुठे! बोटीवरची पोरं हसायला लागली. लाइव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, झोपायचंसुद्धा बोटीवर!"

ज्ञानेशच्या हातातलं बिस्किट चहात विरघळलं.

"आठवडाभर रोजची रात्र डेकवर बसून काढली हिने. बाबा शेजारी. मला म्हणे गरम होतं आत." ओमचं हसू आता कमी झालं होतं. "एका संध्याकाळी सगळ्यांना वाळूच्या उंचवट्यावर जेवायला नेलं, तर ही ताट बाजूला ठेवून वाळूवर आडवी झाली आणि झोपली. गाढ! सगळे परदेशी पाहुणे बघतायत. मला उठवावं लागलं. लाज वाटली हो मला." मग तो आईकडे वळला. "पण आई, रात्री उतरवतात असं तुला सांगितलं तरी कुणी?"

लंकाबाईंनी ज्ञानेशकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो मान खाली घालून कपातला लगदा बघत होता. मी तोंड उघडणार, तोच लंकाबाईंचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. त्यांच्या घरी पाहुण्याच्या हातात कप असताना त्याला कुणी बोल लावत नसे.

"कुनी नाय रे," त्या म्हणाल्या. "मीच उलटं ऐकलं. बाजारात बसून बसून कान गेले माझे."

"बघा!" ओम म्हणाला. "मला वाटतच होतं. हिला ऐकू कमी येतंय."

ज्ञानेश तसाच बसून राहिला. कप रिकामा झाला, खाली ठेवला, तरी तो काही बोलला नाही. निघताना लंकाबाईंनी त्याला झेंडूची पुडी दिली, घरच्या देवाला म्हणून. ती त्याने दोन्ही हातांनी घेतली.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला असं झाडलं की समोरचा पंक्चरवाला बघत राहिला. "अरे, ती आठवडाभर झोपली नाही तुझ्या एका 'हो'पायी! आणि वर बहिरी ठरली!"

"मला खरंच वाटलं, ताई. मुक्कामी म्हणजे..." तो मोटरसायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मग म्हणाला, "शब्दाची चूक झाली ती झाली. पण आत्ता मी गप्प बसलो. माझी मलाच किळस येतेय."

आठ-दहा दिवसांनी तो एकटा पंचवटीच्या बाजारात गेला. लंकाबाई फुलांच्या ढिगामागे बसल्या होत्या. त्याने हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं, आपण कधीच गेलो नव्हतो हेही.

त्या फुलं निवडत राहिल्या. "मला काय सांगतो? मी तर समोरच व्हते. तुझं बोलनं मला सगळं ऐकू आलं व्हतं."

"चुकलं, मावशी."

"चुकलं ते गेलं. पन ज्याला सांगायचं व्हतं तो इमानात बसून गेला. त्याला फोन कर."

त्याने ओमचा नंबर घेतला. बाहेर एसटीडी बूथ होताच. तो आत गेला, अर्धे आकडे फिरवले आणि बाहेर आला. हे त्यानेच मला सांगितलं. पुढे अनेकदा तो म्हणायचा, आज करतो. ऑफिसातूनही फोन लावता आला असता, मालक काही म्हणाले नसते. मी आठवण करून द्यायचे, मग एक दिवस सोडून दिलं.

माणूस बदलला मात्र खरा. आता कुणी विचारलं की तो सुरुवातच अशी करायचा, "मी स्वतः गेलेलो नाही." मालक वैतागायचे, गिऱ्हाइकं समोरच्या ऑफिसात जायची. याने पर्वा केली नाही. माहितीपत्रकाचं प्रत्येक पान उलटून दाखवायचा, कळलं नाही तर मुंबईला फोन लावून विचारायचा, तेही गिऱ्हाइकासमोर. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता. जगातल्या सगळ्या माणसांशी तो खरं बोलत होता, एक ओम सोडून.

पुढच्या दसऱ्याला ऑफिसातल्या कॉम्प्युटरना हार घालायचे होते, म्हणून आम्ही दोघं पंचवटीत फुलं आणायला गेलो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. लंकाबाईंच्या ढिगाशी गर्दी होती आणि शेजारी ओम उभा होता, सुट्टीवर आलेला. लंकाबाईंच्या कानामागे मातकट रंगाचं यंत्र होतं. दुबईहून आणलेलं, चांगल्यातलं. धोंडीराम मला हळूच म्हणाले, "तो असला की घालती. नाय घातलं तर त्याच्या जिवाला घोर. डोकं दुखतं म्हनती त्या आवाजानं."

ओमने ज्ञानेशला ओळखलं, हात मिळवला. "बरं झालं भेटलात. अहो, तुमच्या त्या ट्रिपमुळेच कळलं हिच्या कानांचं. नाहीतर लक्षातच आलं नसतं." मग आईच्या बाजूला मान झुकवून तो ओरडला, "आई, ज्ञानेश आलेत! ट्रॅव्हलवाले!"

लंकाबाई मान वर करून ज्ञानेशकडे बघत राहिल्या. कपाळावर घाम होता, यंत्राखाली कान लाल झाला होता. त्या नुसत्या वाट बघत होत्या. बोल, मी मनात म्हणत होते, आता तरी बोल, तो समोर उभा आहे.

ज्ञानेशने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज काही आला नाही.

"जरा मोठ्याने बोला," ओम प्रेमाने म्हणाला. "असं नाही ऐकू येत तिला."

ज्ञानेशचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो वाकला, आणि बाजाराच्या गोंगाटावर आवाज चढवून ओरडला, "मावशी! झेंडू द्या! हारासाठी!"

लंकाबाईंनी त्याच्याकडे एक क्षण बघितलं. मग मातीने भरलेला हात कानामागे नेला आणि म्हणाल्या, "आं? काय म्हनला?"

त्याने पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.