आप्पांनी कबूल केलेली कंदुरी

लातूरकडच्या मुरुडजवळ आमच्या शेतात बोअर चालू होता. खाली जाईल तसा नुसता धुरळाच वर येत होता. शेवटी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धीर सुटला. समोरच्या टेकाडावर पिराचा जुना दगडी दर्गा आहे. त्याच्या घुमटाकडं बघून त्यांनी हात जोडले अन् मोठ्यांदा म्हणाले, "बाबा, पाणी लागू दे, कंदुरी करतो!"

थोड्या वेळात पाणी लागलं. शेजारी उभ्या असलेल्या चुलत्यांनी लगेच गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, 'गुरुवारी दर्ग्यावर कंदुरी. सर्वांनी यावे.'

आईनं कपाळावर हात मारला. कंदुरी म्हणजे पिराच्या नावानं बकरं कापून गावजेवण. आम्ही लिंगायत, घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही.

"गळ्यात इष्टलिंग हाय, आन् बकरं कबूल करून आलात? गूळ-चपातीचा मलिदा न्हाई सुचला?"

"तोंडातून निघून गेलं," आप्पा म्हणाले.

मी लातूरला क्लासेसमध्ये शिकवतो. रविवारी गावी आलो, तर आप्पा मला दर्ग्यावर घेऊन गेले. डोक्याला रुमाल बांधून ते दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरचाचांपुढं बसले अन् सोयाबीनवरच बोलत राहिले. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं.

चाचांनी विचारलं, "आप्पा, तुम्ही बकरं म्हणलात का कंदुरी म्हणलात?"

"कंदुरी."

"मग जेवण घाला. बकरं लोकांना लागतंय, बाबांना न्हाई."

"आन् लोकांना काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी बाबांचा मुजावर हाय, गावाचा न्हाई."

आप्पांनी लोकांना काहीच सांगितलं नाही.

गुरुवारी सगळं गाव आलं. चुलते बाहेर गुपचूप मटण खायचे, ते तर सकाळपासून उपाशी होते. मजारीवर हिरवी चादर चढली, चाचांनी मलिद्यावर फातिहा दिला अन् पंगत बसली. आईनं मोठ्या पातेल्यातून भज्जी वाढली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात करतात तीच, वालाच्या शेंगा, तुरीचे दाणे, हरभरा घातलेली. चुलत्यांनी आपलं ताट बोटानं तळापर्यंत चाचपलं.

"वैनी, जरा खालचं वाढा की."

"खाली बी हेच हाय," आई म्हणाली.

पंगतीतून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आज येळवस हाय का कंदुरी?"

आप्पा खांबाआड गेले. कोणी उठतंय का, म्हणून मी पंगतीवरून नजर फिरवत होतो. तेवढ्यात चाचा पंगतीच्या मधोमध येऊन बसले, भज्जीत भाकरी चुरली अन् भुरके मारत जेवू लागले. मुजावर जेवतोय म्हटल्यावर उठायचं कसं? बघता बघता भाकरीच्या दोन चवडी संपल्या. चुलत्यांनी चौथ्यांदा भज्जी घेतली, अर्थात तोंड वाकडं करूनच.

नंतर हौदावर भांडी घासताना चाचांच्या बायकोनं आईला विचारलं, "आक्का, भज्जीत चिंच किती घातली ओ?"

आईनं आधी चिंच सांगितली. मग ताक, मग हरभऱ्याचं पीठ, मग माझ्या बहिणीचं बाळंतपण. आम्ही पातेली ट्रॅक्टरमध्ये चढवली. आप्पांनी तीनदा हॉर्न वाजवला. दोघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही.