लाल ठिपक्याची मुलगी

मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. नांदगावहून एसटीने कणकवली, तिथून दुसरी गाडी, मग खाडीच्या कडेने वीस मिनिटं चालत शाळा. अर्धवेळ फक्त कागदावर. कुणी गुरुजी रजेवर गेले की त्यांचा तास माझा. खिचडीची नोंदवही माझी, परीक्षेच्या पुरवण्या शिवायच्या त्याही मीच. अकरा वर्षं मी पूर्णवेळ पदाची वाट पाहत होते, आणि त्या वाट पाहण्यात मी काय काय करू शकते हे मला त्या वर्षी कळलं.

ओरोसला शालेय ग्रंथपालांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. शिकवणारा तरुण होता, पुण्याकडचा, बोलायला चटपटीत. पडद्यावर तो एकेक नवी गोष्ट दाखवत गेला. मुलांची वाचनपातळी मोजा. पातळीनुसार पुस्तकांना रंगीत ठिपके लावा. पाच वर्षांत कुणी न नेलेली, फाटकी पुस्तकं निर्लेखनात काढा, म्हणजे नोंदवहीतून कायमची रद्द करा. भिंतीवर वाचनवृक्ष करा. सगळ्याचे फोटो काढा. शेवटी म्हणाला, "ज्या ग्रंथपालाकडे आकडे आहेत, तोच टिकणार." बाकीच्या बायका जेवणाकडे वळल्या. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

त्याच दिवशी त्याने आम्हाला ग्रंथपालांच्या एका मोबाइल गटात घेतलं. राज्यभरातल्या शाळांचे फोटो तिथे येत. रंगीत चटया, झाडाला टांगलेली पुस्तकं, रांगेत बसून वाचणारी गोंडस पोरं. फोटोखाली अंगठेच अंगठे. मला ते अंगठे हवे होते. दुसरं कुठलंही कारण दिलं तर ते खोटं ठरेल.

आठवीत एक मुलगी होती. उंच, हाडकुळी, आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर असत, तेव्हा ही वाचनालयात खिडकीपाशी बसे. तिच्याकडे एकच पुस्तक असायचं. कव्हर गेलेलं, पहिली पानं नसलेलं, वाट चुकलेल्या एका गलबताची गोष्ट सांगणारं जाडजूड पुस्तक. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची. जूनमध्ये घेतलेलं पुस्तक दिवाळीनंतरही तिच्याच नावावर होतं. दर आठवड्याला यायची, पुस्तक पुढे करायची आणि म्हणायची, "बाई, परत चढवा." मी शिक्का मारायची. ही वाचत नाही, नुसती बसते, असं माझं मत होतं.

मी पातळी मोजायला घेतली. एक उतारा, मोबाइलवर एक मिनिट, चुकलेला शब्द की खूण. वेळ वाचावा म्हणून अख्ख्या वर्गासमोरच एकेकाला उभं केलं. ओरोसला सांगितलं होतं की हे एकेकट्याला बोलावून करायचं असतं. ते मी वहीत लिहिलं नव्हतं.

तिची पाळी आली. उताऱ्यात वाक्य होतं, "नावाडी कुठे गेला, हे कोणालाच माहीत नव्हते." तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, "नावाडी खंय गेलो, ह्या कोणाकच म्हायत नव्हता."

वर्ग फुटला. मीही हसले. चांगली खळखळून हसले. मी स्वतः घरी आईशी असंच बोलते. तिने वाक्य डोळ्यांनी वाचलं, समजून घेतलं आणि आपल्या भाषेत तोंडाने सांगितलं, म्हणजे तिला ते किती पक्कं कळलं होतं, हे त्या वर्गात फक्त मला कळायला हवं होतं. मी त्या एका वाक्यावर सहा खुणा केल्या. लाल ठिपका. लाल म्हणजे तिसरीची पातळी.

प्रत्येकाचं नाव आणि रंग लिहिलेला तक्ता मी वाचनालयाच्या दारावर लावला. आठवीत लाल ती एकटीच. त्याच दुपारी ती पुस्तक घेऊन आली.

"बाई, परत चढवा."

"आता नाही चढवायचं. तुझा रंग कुठला? लाल. लाल ठिपक्याची पुस्तकं त्या खालच्या फळीवर."

"बाई, माझी चाळीस पानां रवली आसत."

"आधी तिसरीचं नीट वाच. मग बघू." मी हात पुढे केला. तिने पुस्तक सोडलं नाही, तेव्हा मी ते ओढून घेतलं आणि सशाची गोष्ट तिच्या हातात दिली. पानाला चार ओळी, बाकी चित्रं.

पोरांनी तिला नाव ठेवलं. वादळाची सूचना आली की बंदरावर बावटा चढतो, तो या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ती वर्गात शिरली की मागून आवाज यायचा, "लाल बावटो लागलो! होडी भायर काढू नकात रे!" मी दोनदा तिथेच होते. पहिल्यांदा मी न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा मला वाटलं, बरं आहे, टोचेल तेव्हा सुधारेल.

जानेवारीत अधिकारी भेटीला येणार असं कळलं. मुख्याध्यापक सर म्हणाले, "तुमचं ते रंगाचं दाखवा साहेबांना. नीट झालं तर तुमच्या पदाचा विषय मी काढतो." मला दाखवायला प्रगती हवी होती. लालमधून पिवळ्यात गेलेलं एक मूल हवं होतं, आणि ते जितकं जास्त लाल, तितकी प्रगती जास्त दिसणार होती. मी तिला बोलावलं.

"सशाच्या गोष्टीतलं एक पान साहेबांसमोर वाचायचं. एकही शब्द मालवणी नको. नीट वाचलंस तर तुझं ते पुस्तक तुला परत."

"खरा, बाई?"

"खरं."

हे बोलले तेव्हा ते पुस्तक शाळेत नव्हतं असं म्हणता येणार नाही. होतं. पण पुस्तक म्हणून नव्हतं. आदल्या आठवड्यातच मी निर्लेखनाची यादी केली होती. पाठ निखळलेली, कव्हर गेलेलं म्हणून त्यावर 'रद्द'चा शिक्का मी मारला होता. वाचनवृक्षासाठी जुन्या पानांची झाडाची पानं कापा, असा एक फोटो गटात आला होता. त्या गलबताच्या पुस्तकाचा कागद जाड आणि पिवळसर होता, पानांना अगदी हवा तसा. दोन तास बसून मी ते कातरलं. भिंतीवर काढलेल्या खोडाला डिंकाने चिकटवलं. झाड सुरेख दिसत होतं.

पोरीने पंधरा दिवस पाठ केलं. साहेब आले त्या दिवशी तेल लावून, घट्ट वेणी घालून आली. त्या झाडाखालीच मी तिला उभं केलं, फोटोत दोन्ही यावं म्हणून. तिने सशाचं पान एका दमात वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी सगळ्यांसमोर तिच्या नावापुढे पिवळा ठिपका लावला. संध्याकाळपर्यंत गटात माझ्या फोटोला सगळ्यात जास्त अंगठे होते.

साहेबांची गाडी गेली तशी ती माझ्या टेबलापाशी आली. हात पुढे केला.

"अगं, ते रद्द झालं," मी म्हटलं. "फाटलं होतं ना. पिवळ्यातलं दुसरं घे. भारी भारी आहेत."

तिने हळू विचारलं, "बाई, मगे त्या गलबताचा फुडे काय झाला?"

मला ठाऊक नव्हतं. ते पुस्तक मी कधी वाचलंच नव्हतं. कापतानासुद्धा एक ओळ वाचली नव्हती. "माका काय म्हायत?" मी खेकसले. चिडले की मला मालवणीच येते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचनालयात आले तर ती स्टुलावर चढलेली. भिंतीच्या झाडाला नाक लावून, बोटाने एकेक कापलेलं पान वाचत होती. एका पानावर अर्धं वाक्य, दुसऱ्यावर कुठलं तरी भलतंच. पुढचं कुठे आहे ते ती शोधत होती. तिच्या ओठांवरून कळत होतं की एक धागा तिला सापडला आहे आणि ती तो सोडत नाही.

मी काय करायला हवं होतं ते कुणी सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "उतर खाली! हात लावू नको. साहेब परत येणार आहेत."

ती उतरली. स्टूल जागेवर नेऊन ठेवलं आणि बाहेर गेली. त्यानंतर मधल्या सुट्टीत ती वाचनालयात आली नाही.

तक्त्यावर मात्र ती चढत गेली. दहावीत जाईपर्यंत निळा, मग हिरवा. वाचायला सांगितलं की खडाखड वाचायची, शुद्ध, घाईघाईत, ताट विसळल्यासारखी. माझ्या अहवालात तिचा आलेख सगळ्यात देखणा होता. पूर्णवेळ पद काही आलं नाही. सरांनी विषय काढला की नाही, तेही मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी ओरोसलाच पुन्हा प्रशिक्षण झालं. या खेपेला शिकवायला एक बाई होत्या. पडद्यावर त्यांनी लिहिलं होतं की मुलांना रंगात कोंडू नका, त्यांची पातळी भिंतीवर लावू नका, घरची भाषा आली तर ती चूक धरू नका. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शाळेत येऊन ठिपके खरवडून काढले. डिंक पक्का होता, ठिपक्याबरोबर कव्हरांचे तुकडे निघाले. ती पुस्तकं आता फाटकी दिसतात आणि पुढच्या यादीत ती येणार, हे मला कळतं.

गेल्या महिन्यात मालवणच्या बाजारात ती दिसली. आईशेजारी बसून सुरमई कापत होती. तिने मला आधी पाहिलं आणि मान खाली घालून काम चालू ठेवलं. आईने मात्र ओळखलं. मासे कापायच्या कोयतीवरून उठली, ओले हात पदराला पुसले आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही आमच्या चेडवाची बाई! बाई, तुम्ही होतात म्हणान ह्येका वाचूक इला. नायतर वर्गात सगळी हसत ह्येका. तुमचे उपकार आसत."

मुलीने मान वर केली. ती माझ्याकडे पाहत होती, राग नाही, काही नाही. मी काय बोलते एवढंच तिला बघायचं होतं.

"हुशारच आहे ती," मी म्हटलं.

आईने दोन मोठे बांगडे उचलले. "घ्या बाई, माझ्याकडून." मुलीने ते तिच्या हातातून घेतले, साफ केले, कागदात गुंडाळले.

मी पिशवी उघडून पुढे केली.